वांग, लासे आणि लेसर : आधी निदान, मग उपचार

मराठी भाषेने एक भेद फार पूर्वीच करून ठेवला आहे. बाळंतपणानंतर, उतारवयाकडे झुकताना किंवा उन्हातान्हात राबल्यावर चेहऱ्यावर जे काळपट डाग उठतात, त्यांना आपण 'वांग' म्हणतो. आणि जन्मतःच अंगावर जी खूण येते, तिला 'लासे'. 'वांग' हे तर 'व्यंग' या शास्त्रीय संज्ञेचेच घरगुती रूप होय. एक नंतर येते, दुसरे उपजत असते, हे खेड्यातील आजीबाईलाही ठाऊक असते. खेदाची गोष्ट ही की, आजीबाईला जो भेद सहज कळतो, तो आपल्या चिकित्सालयांत आणि औषधालयांत मात्र पुसट होत चालला आहे. चेहऱ्यावर डाग दिसला की तेल, लेप, रक्तशोधक काढा आणि 'सहा महिने धीर धरा' हा सल्ला, असा एक ठराविक क्रम पडून गेला आहे. दुसऱ्या बाजूला शहरांतून वांगाचा रुग्ण थेट लेसर यंत्रासमोर बसविला जातो. वांगावर लेसर आणि जन्मखुणेवर लेप, या दोन्ही चुका एकाच उणिवेतून जन्मतात. ती उणीव म्हणजे निदानाचा आळस.

हे लिहिण्याचा अधिकार मला आहे तो या विषयातील प्रावीण्यामुळे नव्हे, तर ही चूक मी स्वतः केली आहे म्हणून. काही वर्षांपूर्वी एक आई आपल्या एकोणीस वर्षांच्या मुलीला घेऊन माझ्याकडे आली. मुलीच्या उजव्या पापणीवर, कानशिलावर आणि गालाच्या उंचवट्यावर निळसर राखाडी रंगाचा डाग होता. लहानपणी तो फिकट होता, वयात येताना गडद झाला. स्थळे पाहण्यास आरंभ झालेला असल्याने आई घायकुतीला आली होती. मी 'नीलिका' असे निदान लिहिले, मंजिष्ठादी काढा व कुंकुमादी तेल दिले, तीन वेळा जळवा लावल्या. चौदा महिने हा उपक्रम चालला. डाग तसूभरही हलला नाही. पुढे ती मंडळी दुसऱ्या शहरात गेली. तेथे त्वचारोगतज्ज्ञाने तिला प्रथम नेत्रतज्ज्ञाकडे पाठविले, आणि त्या डोळ्यातील दाब वाढलेला आढळला. हे कळल्यावर मी तिचा जुना केसपेपर काढून पाहिला. पहिल्याच दिवशी माझ्याच हस्ताक्षरात लिहिलेले होते : 'उजव्या नेत्राचे श्वेतमंडल अंशतः नीलवर्ण.' मला दिसले होते, मी लिहिलेही होते. त्याचा अर्थ मात्र मी लावला नव्हता.

शास्त्राने काय सांगितले आहे

अशा चुकीनंतर 'आपल्या शास्त्रात या व्याधीचा विचारच नाही' असे म्हणून सुटका करून घेता येत नाही. सुश्रुतांनी निदानस्थानाच्या तेराव्या अध्यायात क्षुद्ररोगांची गणना करताना जतुमणी, मषक, तिलकालक, न्यच्छ, चर्मकील व व्यंग यांची लक्षणे वेगवेगळी दिली आहेत. व्यंगाची संप्राप्ती सांगताना क्रोध व आयास यांनी कुपित झालेला वायू पित्तासह मुखाशी येतो, असे वर्णन आहे. म्हणजे ती नंतर घडणारी विकृती आहे. न्यच्छ आणि जतुमणी या दोहोंना मात्र 'सहज' हे विशेषण लावले आहे. त्यांतही जतुमणी उंचावलेला असतो. वाग्भटांनी उत्तरस्थानात जन्मजात, सपाट, काळ्या वा पांढऱ्या मंडलास 'लांछन' अशी स्वतंत्र संज्ञा दिली. याचा अर्थ असा की, डाग केव्हापासून आहे, सपाट आहे की उंच, आणि त्याचा वर्ण कोणता, हे तीन प्रश्न आपल्या आचार्यांनी वर्गीकरणाचा पाया म्हणून स्वीकारले होते.

चिकित्सेतही हा भेद पाळला आहे. चिकित्सास्थानाच्या विसाव्या अध्यायात जतुमणी, मषक व तिलकालक हे शस्त्राने काढून क्षार वा अग्नीने दग्ध करावेत असे सांगितले आहे. तर न्यच्छ, व्यंग व नीलिका यांसाठी सिरामोक्ष, घर्षण आणि क्षीरी वृक्षांच्या सालीचा लेप असा वेगळा मार्ग दाखविला आहे. उंचावलेले ते कापावे आणि सपाट ते कापू नये, हा विवेक त्यात स्पष्ट आहे. सपाट डाग त्वचेत किती खोल आहे हे पाहण्याचे साधन त्या काळी नव्हते. ते आज आहे. तेव्हा वर्गीकरणाची ही परंपरा पुढे नेणे हे परंपरेशी द्रोह करणे नव्हे. ती जिथे थांबली तिथेच उभे राहून रुग्णाला तिष्ठत ठेवणे हा मात्र द्रोह ठरेल.

एक सावधगिरी येथे आवश्यक आहे. अमुक आधुनिक नाव म्हणजे अमुक संस्कृत नाव, अशी जोडाजोड करण्याची आपल्याला हौस असते. ती टाळावी. न्यच्छ या एका संज्ञेत आजच्या चार-पाच निरनिराळ्या विकृती सामावू शकतात आणि त्यांचे साध्यासाध्यत्व परस्परांहून अगदी भिन्न आहे. नाव जुळविल्याने निदान होत नाही.

वर्ण म्हणजे खोलीची खूण

आजच्या वर्गीकरणाचे सूत्र एका वाक्यात सांगता येईल : रंगद्रव्य त्वचेच्या कोणत्या थरात आहे, यावर सारे अवलंबून आहे. कृष्णरंजक द्रव्य वरच्या थरात असेल तर डाग तपकिरी दिसतो. तेच द्रव्य खालच्या थरात असेल तर प्रकाशाच्या विकिरणामुळे, ज्याला टिंडल परिणाम म्हणतात, तो निळसर किंवा राखाडी दिसतो. द्रव्य एकच, दिसणे मात्र खोलीप्रमाणे.

वरच्या थरातील जन्मखुणांत दुधाळ कॉफीच्या रंगाचे सपाट डाग येतात. असा एखाददुसरा डाग निरुपद्रवी असतो. परंतु अंगावर सहा किंवा अधिक डाग असतील आणि ते यौवनापूर्वी ५ मिलिमीटरहून अथवा यौवनानंतर १५ मिलिमीटरहून मोठे असतील, तर मज्जातंतूंवर गाठी येणाऱ्या आनुवंशिक विकाराची, म्हणजे न्यूरोफायब्रोमॅटोसिसची, शंका घेतलीच पाहिजे. केवळ चेहरा पाहून परत पाठविणारा वैद्य हे निदान चुकवितो. बालकाचे सर्वांग पाहावे.

खालच्या थरातील जन्मखुणांत चेहऱ्याच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची ती ओटा यांची जन्मखूण. जपानी त्वचारोगतज्ज्ञ मासाओ ओटा यांनी १९३९ मध्ये तिचे सविस्तर वर्णन केले. त्रिधारा मज्जातंतूच्या वरच्या दोन शाखांच्या क्षेत्रात, म्हणजे कपाळ, पापणी, कानशील, गाल, नाकपुडी या भागांत, बहुधा एकाच बाजूस हा निळसर डाग पसरतो. आशियाई लोकांत आणि विशेषतः स्त्रियांत तो अधिक आढळतो. तो जन्मतः किंवा पहिल्या वर्षात दिसतो, अथवा वयात येण्याच्या सुमारास प्रकट होतो. डोळ्याचा पांढरा भागही अनेकदा निळसर असतो, क्वचित टाळूवरही रंग दिसतो. तानिनो यांनी त्याच वर्षी विस्तारानुसार याचे सौम्य, मध्यम, तीव्र आणि उभयपक्षी असे चार प्रकार पाडले. आजही ते वापरात आहेत. थायलंडमध्ये १९९० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अशा रुग्णांपैकी सुमारे दहा टक्क्यांत डोळ्यातील दाब वाढलेला आढळला होता. डोळ्यातील कर्करोगाचा धोकाही, विरळ असला तरी, नोंदला गेला आहे. म्हणून निळसर डाग आणि निळसर नेत्र एकत्र दिसले की नेत्रतज्ज्ञाकडे पाठविणे हा ऐच्छिक सल्ला राहत नाही, ते कर्तव्य ठरते.

येथेच आणखी एक फसवा प्रकार लक्षात घ्यावा. १९८४ मध्ये होरी व त्यांच्या सहकाऱ्यांनी वर्णिलेले डाग प्रौढ वयात, दोन्ही गालांवर, सारख्याच मांडणीने उठतात. डोळे व तोंडाचा आतला भाग त्यांत निर्मळ राहतो. वय आणि स्थान पाहून आपण त्यांना वांगच म्हणणार. पण रंगद्रव्य खोलवर असते आणि लेपाने ते हलत नाही. म्हणून केवळ 'केव्हापासून' या प्रश्नावर न थांबता वर्णही नीट, दिवसाच्या उजेडात, पाहिला पाहिजे.

तिसरा गट रंगपेशींच्या जन्मजात पुंजक्यांचा. हे गडद, बहुधा किंचित उंच, पुष्कळदा केसाळ असतात. प्रौढपणी होणाऱ्या अपेक्षित आकारावरून त्यांचे वर्गीकरण करतात : १.५ सेंटिमीटरपर्यंत लहान, २० सेंटिमीटरपर्यंत मध्यम, त्यापुढे मोठे आणि ४० सेंटिमीटरहून अधिक ते महाकाय. मोठ्या व महाकाय खुणांत कर्करोगाचा धोका असतो, क्वचित मेंदूच्या आवरणातही अशा पेशी आढळतात. यांवर लेसर वापरावा की नाही याविषयी तज्ज्ञांतच मतभेद आहेत, कारण वरचा रंग गेला तरी खालच्या पेशी राहतात आणि पुढे त्यांत काही बदल झाला तर तो ओळखणे अवघड होते.

लालसर किंवा जांभळ्या जन्मखुणा या सर्वांहून निराळ्या. त्या रंगद्रव्याच्या नसून केशवाहिन्यांच्या असतात. काचपट्टीने दाबल्यावर पुष्कळदा त्या फिकट होतात. रंगद्रव्याचा डाग दाबाने बदलत नाही. हे साधे परीक्षण प्रत्येक वैद्याला आपल्या टेबलावर, एका रुपयाच्याही खर्चावाचून, करता येते.

लेसर नेमके काय करतो

थिओडोर मायमन यांनी १९६० मध्ये माणकाच्या स्फटिकातून पहिला लेसर किरण मिळविला. त्वचेवर त्याचे प्रयोग त्याच दशकात सुरू झाले, परंतु प्रारंभीची साधने डागाबरोबर भोवतालची त्वचाही भाजून काढीत. त्या काळी ओटा यांच्या जन्मखुणेवर घन कर्बवायूच्या बर्फाने गोठविणे, त्वचा खरवडणे किंवा कापून कलम लावणे हेच उपाय होते, आणि त्यांचे व्रण डागाहून वाईट दिसत. या परिस्थितीत पालट झाला तो अमेरिकेतील अँडरसन व पॅरिश यांनी १९८३ मध्ये मांडलेल्या सिद्धान्ताने. एखाद्या सूक्ष्म लक्ष्याला शोषता येईल अशा तरंगलांबीचा प्रकाश, त्या लक्ष्यातील उष्णता शेजारी पसरण्याआधीच संपेल इतक्या अल्पकाळ दिला, तर लक्ष्य फुटते आणि शेजार वाचतो, असे ते तत्त्व आहे. रंगद्रव्याचे कण एक मायक्रॉनहूनही लहान असल्याने हा काळ नॅनोसेकंदांत, म्हणजे सेकंदाच्या अब्जांशांत, मोजावा लागतो. अशा अतिअल्प स्पंदांचे, क्यू-स्विच्ड म्हणून ओळखले जाणारे, तीन लेसर या कामी रूढ झाले : ६९४ नॅनोमीटरचा रुबी, ७५५ चा अलेक्झांड्राइट आणि १०६४ चा एनडी-याग. गेल्या दशकापासून याहूनही आखूड, पिकोसेकंदांचे स्पंद देणारी यंत्रे वापरात आली आहेत.

जपानमधील वातानाबे व ताकाहाशी यांनी १९९४ मध्ये ओटा यांच्या जन्मखुणेच्या ११४ रुग्णांवरील रुबी लेसरचे अनुभव प्रसिद्ध केले आणि हा डाग व्रणाशिवाय फिका होऊ शकतो हे जगापुढे ठेवले. भारतीय त्वचा सावळी असल्याने येथे १०६४ नॅनोमीटरचा लेसर अधिक सुरक्षित मानतात, कारण तो वरच्या थरातील स्वाभाविक रंगाला कमी धक्का लावून खाली पोहोचतो. भारतीय त्वचारोग नियतकालिकात २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पंचवीस रुग्णांच्या अभ्यासाने त्याची उपयुक्तता दाखविली. मात्र सर्वांचा डाग संपूर्ण गेला असे त्यातही नाही. फुटलेले कण शरीरातील भक्षक पेशींनी वाहून न्यावे लागतात, म्हणून दोन बैठकींत काही आठवडे ते काही महिने अंतर ठेवतात आणि बैठकी अनेक लागतात. पापणीजवळ काम करताना डोळ्यावर धातूचे कवच बसवावे लागते. उपचारानंतर काही काळ तात्पुरता काळेपणा येऊ शकतो, क्वचित पांढरे ठिपके पडतात. बालवयात उपचार केल्यास बैठकी कमी लागतात असा अनुभव आहे. परंतु लहान मुलांत भूल द्यावी लागते, हाही विचार पालकांपुढे ठेवला पाहिजे.

कॉफीच्या रंगाच्या डागांत लेसरचे फळ अनिश्चित असते आणि गेलेला डाग पुन्हा येणे ही नेहमीची गोष्ट आहे. आणि वांगात? तेथे लेसरने डाग अधिक गडद होऊन परतण्याची भीती मोठी असते. ज्या डागावर आपला लेप निरुपाय आहे तेथे लेसर समर्थ आहे, आणि ज्या वांगावर लेसर धोक्याचा आहे तेथे ऊनसंरक्षण, निदानपरिवर्जन, शोधन-शमन आणि धीर यांना वाव आहे. देवाने जणू कामाची वाटणीच करून दिली आहे. ती आपण उलटी करून बसलो आहोत.

'आमच्याकडे अग्निकर्म होतेच'

आपल्या संमेलनांतून एक वाक्य हमखास ऐकू येते : 'लेसर म्हणजे सुश्रुतांचे अग्निकर्मच.' टाळ्या मिळविण्यास हे वाक्य उत्तम आहे. पण अग्निकर्म समोर येईल ते सर्व दग्ध करते. लेसरचे सारे माहात्म्य काय जाळावयाचे नाही यात आहे. सुश्रुतांनी दाहाच्या मात्रेचा, प्लुष्ट, दुर्दग्ध, सम्यग्दग्ध व अतिदग्ध असा, बारकाईने विचार केला. त्या बारकाईचा वारसा सांगावयाचा तर यंत्राचे नाव मिरवून चालणार नाही, मात्रेचे ज्ञान मिळवावे लागेल.

याच ओघात एक अप्रिय गोष्ट बोलली पाहिजे. दोन दिवसांचा सौंदर्यवर्ग करून, हप्त्यावर यंत्र घेऊन, पाटीवर 'लेसर उपचार' असे लिहिणारे आपल्यातही आहेत. केस काढण्याचे यंत्र मिलिसेकंदांत, म्हणजे सेकंदाच्या सहस्रांशांत, प्रकाश देते. रंगद्रव्याच्या जन्मखुणेस नॅनोसेकंद हवेत. हा फरक लाखो पटींचा आहे. 'लेसर' हे नाव समान असले तरी चुकीच्या यंत्राने सावळ्या गालावर भाजल्याचा डाग कायमचा राहतो. कायद्याने आपल्याला काय करता येते याचा वाद वकील घालतील. विवेकाने काय करू नये हे मात्र आपणच ठरवावयाचे आहे.

औषधालय चालकांस विनंती

डागाचा रुग्ण पुष्कळदा वैद्याकडे येण्यापूर्वी आपल्या गल्ल्यापाशी येतो. 'डागावर काहीतरी द्या' असे तो म्हणतो आणि एक डबी घेऊन जातो. या डबीविषयी तीन गोष्टी नम्रपणे सांगावयाच्या आहेत.

पहिली, स्टेरॉइड, हायड्रोक्विनोन आणि ट्रेटिनॉइन यांचे मिश्रण असलेली मलमे वांगासाठी, तीही मर्यादित काळ व देखरेखीखाली वापरावयाची आहेत. तीव्र स्टेरॉइड मलमे २०१८ मध्ये अनुसूची एच मध्ये आली असून चिठ्ठीशिवाय ती देता येत नाहीत. जन्मखुणेवर त्यांचा काही उपयोग नाही. उलट त्वचा पातळ होणे, केशवाहिन्या दिसू लागणे, आणि हायड्रोक्विनोनच्या दीर्घ वापराने निळसर काळा असा नवाच डाग पडणे, हे परिणाम पदरात पडतात.

दुसरी, रंग उजळविणाऱ्या, निर्मात्याचा पत्ता नसलेल्या मलमांत पारा असू शकतो. २०२३ मध्ये केरळच्या मलप्पुरम जिल्ह्यात अशी मलमे वापरणाऱ्यांना वृक्कविकार झाल्याचे डॉक्टरांच्या ध्यानी आले, हे वृत्त आपण वाचले असेल. सौंदर्यप्रसाधने नियम, २०२० नुसार नकळत येणाऱ्या अत्यल्प अंशापलीकडे पाऱ्याला अशा मलमांत स्थान नाही. 'आयुर्वेदिक' हा शब्द वेष्टनावर छापला म्हणून अशी डबी आपल्या फळीवर ठेवू नये. अशा एका डबीने आयुर्वेदाची जी बदनामी होते, ती शंभर व्याख्यानांनी भरून निघत नाही.

तिसरी, बिबवा, चुना-सज्जी आणि तत्सम दाहक पदार्थ चेहऱ्यावरील तीळ वा खूण 'उडविण्यासाठी' कोणी मागत असेल, तर ते देऊ नयेत. क्षारकर्म ही प्रशिक्षित हाताने, निश्चित निदानानंतर करावयाची क्रिया आहे. रंगपेशींच्या पुंजक्यावर घरच्या घरी क्षार लावला तर व्रण राहतोच, शिवाय पुढे तपासणीसाठी मूळ स्वरूपही हाती राहत नाही.

आईचा दोष नाही

चेहऱ्यावर खूण घेऊन जन्मलेल्या मुलीची आई आपल्यापुढे बसते तेव्हा तिच्या मनात एक ओझे असते. गरोदरपणी ग्रहण पाळले नाही, ग्रहणात भाजी चिरली, डोहाळे पुरविले नाहीत, असे तिला वर्षानुवर्षे ऐकविलेले असते. आपण 'जन्मबलप्रवृत्त' ही संज्ञा मोठ्या आवाजात उच्चारली की त्या आरोपावर शास्त्राची मोहोर उठते. रंगपेशी गर्भावस्थेत मज्जातंतूंच्या मूळ पट्ट्यातून त्वचेकडे प्रवास करतात. त्यांतील काही वाटेतच, खालच्या थरात थांबल्या की निळसर खूण उमटते. आईच्या ग्रहण पाळण्या-न पाळण्याशी याचा संबंध नाही. हे तिला, शक्य तर सासरच्या मंडळींसमोर, स्वच्छ शब्दांत सांगणे ही वैद्याने द्यावयाची पहिली मात्रा आहे आणि तिला मूल्य पडत नाही. डाग काढलाच पाहिजे असेही नाही, हेही सांगावे. डोळ्यांची तपासणी मात्र डाग ठेवला तरी करावीच लागते.

काय करता येईल

चरकाचार्यांनी बजावले आहे की, असाध्य व्याधी हाती घेणाऱ्या वैद्याचे धन, विद्या आणि यश या तिन्हींची हानी होते. या उपदेशात रुग्णाचे हितही गुंफलेले आहे, कारण वैद्य ज्या काळात यश गमावतो त्याच काळात रुग्ण वेळ आणि पैसा गमावतो. माझ्या त्या रुग्णेचे चौदा महिने गेले. डोळ्याच्या बाबतीत चौदा महिने हा लहान काळ नव्हे.

म्हणून आपल्या संघटनेपुढे तीन सूचना ठेवतो. चेहऱ्यावरील डागाच्या प्रत्येक रुग्णासाठी एकच छापील तपासणी-पत्रक असावे. केव्हापासून, कोणता वर्ण, सपाट की उंच, केसाळ आहे काय, एका बाजूस की दोन्ही, डोळा व टाळू कशी, काचपट्टीने दाबल्यावर काय होते, आणि अंगावर अन्यत्र किती डाग, एवढे प्रश्न पुरेत. दुसरे, प्रत्येक तालुका शाखेने जवळच्या त्वचारोगतज्ज्ञाशी व नेत्रतज्ज्ञाशी परिचय ठेवून रुग्ण पाठविण्याची चिठ्ठी तयार ठेवावी. लेसरचा खर्च अनेक बैठकींमुळे वाढतो. मोठ्या शहरांतील शासकीय व महापालिका रुग्णालयांच्या त्वचा विभागांत ही सोय आहे काय, याची चौकशी शाखेने करून ठेवल्यास गरीब कुटुंबाचा हेलपाटा वाचेल. तिसरे, वांगावरील आपल्या चिकित्सेची छायाचित्रांसह प्रामाणिक नोंद ठेवावी, आणि त्यात अपयशही लिहावे. लेसरनंतरच्या कोमल त्वचेवर आपली घृते उपयोगी पडतील की नाही, हाही अभ्यासाचा विषय आहे. पण तज्ज्ञाच्या संमतीविना आणि अभ्यासाविना त्या त्वचेवर हळद, लिंबू वा कोणताही लेप लावण्याचे धाडस करू नये.

रुग्ण दुसऱ्याकडे पाठविला म्हणजे तो हातचा गेला, ही भीती आपल्यातील अनेकांना वाटते. माझा अनुभव याउलट आहे. ज्या कुटुंबाला मी 'हे माझे काम नव्हे, अमुक ठिकाणी जा' असे सांगितले, ती कुटुंबे अन्य व्याधींसाठी माझ्याकडे परत आली. ज्या एका कुटुंबाला मी चौदा महिने आशेवर ठेवले, ते मात्र आले नाही.